कोल्ह्यांच्या शिकारीविषयीचे आरोप: खोटे कोणते, आणि नुसते सिद्ध न झालेले कोणते?

प्रश्न: मिडलंडकर

नमस्कार. नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये लेस्टरशायर भागात राहतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, इकडच्या अनेक बाजारगावांच्या चौकांत लाल कोटातले घोडेस्वार आणि हाउंड कुत्र्यांचा मोठा ताफा जमतो. त्याला ‘मीट’ म्हणतात. लोक मुलाबाळांना घेऊन पाहायला येतात, आणि त्याच चौकाच्या दुसऱ्या बाजूला निषेधाचे फलक घेतलेली माणसेही उभी असतात.

माझ्या कार्यालयात या विषयावर दरवर्षी वाद होतो. एका सहकाऱ्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला जाणारे आहे. त्याच्या मते कोल्ह्यांची शिकार २००५ पासून पूर्ण बंद आहे, हाउंड केवळ आधी पसरून ठेवलेल्या गंधामागे धावतात, आणि बाकी सारी प्राणिहक्कवाल्यांनी चालवलेली बदनामी आहे. दुसऱ्या सहकारी बाई म्हणतात की हा गंधाचा प्रकार निव्वळ देखावा असून कुत्र्यांना उपाशी ठेवले जाते, कोल्ह्याला जिवंतपणी फाडले जाते, आणि हा सारा श्रीमंत जमीनदारांचा विकृत छंद आहे.

मला स्वतःला करमणुकीसाठी प्राणी मारणे पटत नाही, त्यामुळे नैतिक बाजू मला नव्याने समजून घ्यायची नाही. मला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच की दोन्ही बाजूंच्या या विधानांपैकी तथ्याच्या कसोटीवर टिकणारी कोणती आणि न टिकणारी कोणती. येथील कायद्याची किंवा ग्रामीण जीवनाची माहिती असलेल्या सभासदांनी कृपया लिहावे.

उत्तर १: कलम_पोटकलम

आपण नैतिक प्रश्न बाजूला ठेवला हे बरे केले, कारण या विषयात तो पुढे आला की तथ्यांकडे कोणी वळूनही पाहत नाही. मी कायद्याच्या बाजूने लिहितो.

‘हंटिंग ॲक्ट २००४’ हा कायदा १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाला. हाउस ऑफ लॉर्ड्सचा विरोध असल्याने तो पार्लमेंट ॲक्टचा (लॉर्ड्सच्या संमतीविना कायदा करू देणाऱ्या कायद्याचा) आधार घेऊन संमत करावा लागला, आणि तसे करणे वैध होते की नाही हा वादही थेट सर्वोच्च पातळीपर्यंत जाऊन ऑक्टोबर २००५ मध्ये शिकारसमर्थकांच्या विरोधात निकाली निघाला. स्कॉटलंडचा कायदा त्याआधीचा, २००२ चा, होता. उत्तर आयर्लंडमध्ये अशी बंदी आजही नाही. म्हणजे ‘ब्रिटनमध्ये बंदी आहे’ हे वाक्यच मुळात सैल आहे.

आता या कायद्याने नेमके काय थांबवले, याविषयी दोन्ही बाजूंना सारखेच गैरसमज आहेत. कोल्ह्याला मारणे हा गुन्हा नाही. शेतकरी किंवा जमीनमालक आपल्या जमिनीवर वर्षभर केव्हाही कोल्ह्यावर बंदूक चालवू शकतो. गुन्हा आहे तो जंगली सस्तन प्राण्याचा कुत्र्यांकरवी पाठलाग करण्याचा, आणि त्यालाही अपवाद आहेत. जास्तीत जास्त दोन कुत्री वापरून कोल्ह्याला झुडपांतून बाहेर काढता येते, मात्र बाहेर आल्यावर त्याला शक्य तितक्या लवकर गोळी घालावी लागते. नेमबाजीसाठी राखलेल्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी एक टेरियर, म्हणजे बिळात शिरणारा लहान जातीचा कुत्रा, बिळात सोडता येतो. शिकारी पक्ष्याकरवी कोल्हा पकडायचा असेल तर त्याला बाहेर काढणाऱ्या कुत्र्यांच्या संख्येवर मर्यादाच नाही. या शेवटच्या अपवादामुळे बंदीनंतर काही हंटांनी, म्हणजे शिकारीसाठी हाउंड पाळणाऱ्या संघटित गटांनी, गरुड किंवा मोठे घुबड सोबत नेण्यास सुरुवात केली. त्या गरुडाने किती कोल्हे पकडले असतील याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

त्यामुळे लाल कोट घालून वीस-पंचवीस हाउंड घेऊन रानात जाणे यात बेकायदेशीर काहीच नाही. चौकात जमलेल्या मंडळींकडे बोट दाखवून ‘हे गुन्हेगार आहेत’ म्हणणे हा खोटा आरोपच ठरेल.

मुख्य वाद ‘ट्रेल हंटिंग’चा आहे. याची ‘ड्रॅग हंटिंग’शी नेहमी गल्लत केली जाते. ड्रॅग हंटिंग हा एकोणिसाव्या शतकापासूनचा खेळ आहे. त्यात बडीशेपेच्या जातीच्या तेलासारखा, कोणत्याही वन्य प्राण्याशी संबंध नसलेला गंध ठरलेल्या वाटेने ओढत नेतात. हाउंड त्यामागे धावतात आणि कोल्हा बहुधा वाटेत येतच नाही. ट्रेल हंटिंग मात्र बंदीनंतर रूढ झाले. त्यात कोल्ह्याच्याच मूत्रासारखा गंध वापरतात आणि जिथे कोल्हे राहतात अशा झाडोऱ्यांतूनच तो पसरतात, म्हणजे पारंपरिक शिकारीचे रूप कायम राहते. कोल्ह्याच्या वासावर तयार केलेले हाउंड कोल्ह्यांच्या वस्तीत सोडले तर अधूनमधून खरा कोल्हा उठणारच, आणि मग तो ‘अपघात’ होता की हेतू, हा प्रश्न उभा राहतो.

कायद्यात हेतू सिद्ध करावा लागतो, आणि सारी अडचण तिथेच आहे. एक्समूर फॉक्सहाउंड्स या हंटाच्या हंट्समनला, म्हणजे हाउंड हाताळणाऱ्या माणसाला, २००६ मध्ये दोषी ठरवले गेले. या कायद्याखाली दोषी ठरलेला तो पहिला हंट्समन. २००७ मध्ये अपिलात तो निर्दोष सुटला. पुढे २००९ मध्ये उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अजून न सापडलेल्या कोल्ह्याचा नुसता शोध घेणे म्हणजे ‘शिकार’ नव्हे, आणि आरोपीने एखाद्या अपवादाचा आधार घेतला तर तो लागू होत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावरच राहते.

दुसरे उदाहरण २०२० चे आहे. मास्टर्स ऑफ फॉक्सहाउंड्स असोसिएशन या हंटांच्या संघटनेचे तत्कालीन संचालक एका ऑनलाइन प्रशिक्षणवर्गात गंध पसरण्याविषयी बोलताना ‘धुराचा पडदा’, म्हणजे खरे झाकणारी आड, अशा अर्थाचे शब्द बोलले आणि ते चित्रीकरण विरोधकांनी प्रसिद्ध केले. त्या बोलण्यावरून गुन्ह्याला प्रोत्साहन दिल्याबद्दल २०२१ मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले, पण जुलै २०२२ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली. बोलण्याचा तोच एकमेव अर्थ होतो, अशी न्यायालयाची खात्री पटली नाही. दरम्यान नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जतन करणाऱ्या संस्थेने आपल्या जमिनींवरील ट्रेल हंटिंगचे परवाने थांबवले होते. २०२१ मध्ये सभासदांच्या मतदानात सुमारे दोन तृतीयांश मते बंदीच्या बाजूने पडली आणि ट्रस्टने ते परवाने कायमचे बंद केले.

आपल्या प्रश्नाचे माझ्या परीने उत्तर असे की ‘खोटा आरोप’ आणि ‘सिद्ध न झालेला आरोप’ यांत अंतर आहे, आणि आपले पहिले सहकारी ते अंतर पुसून टाकत आहेत. आपल्या दुसऱ्या सहकारी बाई नेमकी उलटी चूक करतात. आणखी एक आकडा दोन्हीकडून चुकीचा वापरला जातो: या कायद्याखाली झालेल्या एकूण शिक्षांचा. त्यांतील बहुतांश शिक्षा चोरून शिकार करणाऱ्यांना आणि सशांमागे कुत्री सोडणाऱ्यांना झालेल्या आहेत. त्यांचा संघटित हंटांशी संबंध नाही. म्हणून त्या एकूण आकड्यावरून हंट गुन्हेगार ठरत नाहीत, आणि कायदा हंटांवर परिणामकारक आहे असेही सिद्ध होत नाही.

उत्तर २: डेव्हनची_सून

मी विवाहानंतर डेव्हनमध्ये आले. माझे काम शेतकऱ्यांच्या हिशेबाशी निगडित असल्याने हंटांशी संबंधित माणसे रोजच्या परिचयाची आहेत. मी शिकारीची समर्थक नाही, तरीही काही आरोप ऐकताना मन अस्वस्थ होते, कारण ते केवळ चुकीचे आहेत.

हाउंडांना उपाशी ठेवतात, हा त्यांतला पहिला. दिवसभरात कित्येक मैल धावणारा कुत्रा उपाशी असेल तर दुपारपर्यंतही टिकणार नाही. शिकारीच्या सकाळी त्यांना खाऊ घालत नाहीत हे खरे, पण भरल्या पोटी धावू नये म्हणून, आणि परत आल्यावर त्यांना भरपूर मांस मिळते. ते मांस कुठून येते, हे शहरी लोकांना सहसा ठाऊक नसते. शेतावर मेलेली गाय, मेंढी, वासरू शेतकऱ्याने स्वतः पुरू नये असा नियम २००३ पासून आहे, आणि अशी मृत जनावरे उचलून नेण्याचे काम अनेक भागांत हंटांची केनेलेच (हाउंड पाळण्याच्या जागा) करतात. जखमी किंवा आजारी जनावराला गोळी घालून यातनामुक्त करण्यासाठीही केनेलातील माणसालाच बोलावले जाते. ज्या शेतकऱ्याला कोल्ह्याच्या शिकारीत काडीचा रस नाही, तोही हंटाविरुद्ध तोंड उघडत नाही, त्यामागे हा व्यवहार आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती जुनी सरंजामी निष्ठा वाटते.

आता कोल्ह्याला ‘जिवंतपणी फाडतात’ याविषयी. लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी चौकशी समितीने जून २००० मध्ये अहवाल दिला. या विषयावर काही म्हणायचे असेल तर आधी तो वाचावा. हाउंडांनी पकडल्यानंतर सामान्यतः काही सेकंदांतच कोल्ह्याची शुद्ध जाऊन मृत्यू येतो, असे समितीने म्हटले आहे. फाडाफाडी होते ती बहुतांशी मृत शरीराची. पण शिकारसमर्थक जे सांगत असत, की पुढचा हाउंड मानेवर एकच चावा घेतो आणि सारे क्षणात संपते, तेही समितीला नेहमी तसेच घडते असे आढळले नाही. आणि शेवटच्या क्षणापुरते बोलून चालत नाही. पाठलाग, पकड आणि बिळात शिरलेल्या कोल्ह्यावर टेरियर सोडून नंतर खणून काढणे, हे सारे कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा आणणारे आहे, असा समितीचा निष्कर्ष होता. दोन्ही बाजू याच अहवालातील आपापल्या सोयीची वाक्ये उचलतात.

श्रीमंतांचा छंद म्हणावा, तर लेस्टरशायरच्या कुरणांवर ते चित्र बरेचसे जुळते. कंब्रियाच्या डोंगरांत मात्र घोडा चालूच शकत नाही. तिथले हंट पायी चालतात आणि त्यांत मेंढपाळच अधिक असतात. दक्षिण वेल्समध्ये कोळसा खाणीतल्या कामगारांनी उभा केलेला ‘बॅनवेन मायनर्स हंट’ आहे. लाल कोटही सगळे घालत नाहीत. तो मास्टरचा (हंटाच्या प्रमुखाचा), हंट्समनचा आणि मान मिळालेल्या काही सभासदांचा असतो, बाकीचे काळ्या किंवा गडद निळ्या कोटांत असतात. सप्टेंबर २००२ मध्ये बंदीच्या शक्यतेविरुद्ध लंडनमध्ये चार लाखांहून अधिक लोकांचा मोर्चा निघाला होता. तेवढे जमीनदार या देशात नाहीत.

पाळीव मांजरे चोरून हाउंडांना शिकवण्यासाठी वापरतात, अशी एक कुजबुज दर हिवाळ्यात कानावर येते. तिला आधार देणारा पुरावा माझ्या पाहण्यात कधी आला नाही. मात्र हाउंड हाताबाहेर जाऊन वस्तीत घुसल्याच्या आणि पाळीव प्राण्यांना मारल्याच्या घटना खऱ्या आहेत. २०२१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या एका वस्तीत हाउंडांनी घराबाहेरच एका मांजराचा जीव घेतला आणि त्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. तो निष्काळजीपणा होता आणि त्याबद्दल रोष योग्यच होता. पण निष्काळजीपणाचे रूपांतर कटात केले की ज्याने निष्काळजीपणा केला तोच सुटतो, कारण मग तो फक्त कट नाकारतो.

काही आरोप मात्र शिकारी लोक उगाच नाकारतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तरुण हाउंडांना त्या वर्षीच्या कोल्ह्याच्या पिल्लांवर तयार करण्याची प्रथा होती. झाडोऱ्याभोवती घोडेस्वार उभे राहून पिल्लांना बाहेर पडू देत नसत. बंदीपूर्वी हे उघडपणे आणि कायदेशीररीत्या चाले, आणि त्याचे वर्णन शिकाऱ्यांनीच अभिमानाने लिहून ठेवले आहे. नव्या शिकाऱ्याच्या गालाला कोल्ह्याचे रक्त लावण्याची चालही होतीच. आणि सहा-सात वर्षांचा होऊन धावण्यात मागे पडू लागलेला हाउंड सहसा घरी पाळायला दिला जात नाही, त्याला मारले जाते. ताफ्यात वाढलेला कुत्रा घरात रुळत नाही हे त्यामागचे कारण सांगितले जाते, आणि त्यात तथ्यही असेल. तरी हा आरोप ‘खोटा’ म्हणून झटकणाऱ्याशी पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

मिडलंडकर

दोघांचे मनापासून आभार. हाउंडांच्या मृत्यूचा उल्लेख आला म्हणून विचारतो. माझे सहकारी म्हणतात की बंदीमुळे हजारो हाउंड मारावे लागले आणि शिकार थांबल्यामुळेच लंडनमध्ये घरांच्या बागांत कोल्हे फिरू लागले आहेत. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर ३: रानवाट_पुणे

हाउंडांच्या सरसकट कत्तलीचे भाकीत २००४ पूर्वी खरोखरच केले जात होते, पण तसे घडले नाही. बहुतेक सर्व हंट बंदीनंतरही हाउंडांसह टिकून राहिले. हजारो नोकऱ्या जातील असेही म्हटले जात होते. बर्न्स समितीने शिकारीवर अवलंबून असलेल्या पूर्णवेळ नोकऱ्यांचा अंदाज ६,००० ते ८,००० असा दिला होता. हंट टिकले, म्हणून तो अंदाज प्रत्यक्षाच्या कसोटीला उतरण्याची वेळच आली नाही. (हंट टिकले कसे, हा प्रश्न वरच्या ट्रेल हंटिंगच्या चर्चेकडे परत नेतो.)

लंडनच्या कोल्ह्यांचा बंदीशी काहीही संबंध नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान शहराभोवती मोठ्या बागांची उपनगरे पसरली, आणि १९३०-४० च्या सुमारासच कोल्हे तिथे स्थिरावले. घोडे आणि हाउंड तर शहरात कधी धावलेच नाहीत, मग त्यांच्या थांबण्याने शहरी कोल्हे वाढतील कसे? २०१० मध्ये लंडनमध्ये कोल्ह्याने घरात शिरून दोन तान्ह्या मुलींना चावा घेतला, तेव्हा याच तर्काने बंदीला दोष देण्यात आला होता. तो माझ्या दृष्टीने या वादातला अत्यंत बेजबाबदार आरोप होता.

या चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात कायम उभा असलेला तिसरा पक्ष म्हणजे स्वतः कोल्हा, आणि त्याच्या बाजूने अजून कोणी बोललेले नाही. तो मजेसाठी मारतो, असे म्हणतात, कारण खुराड्यात शिरला की एक कोंबडी नेऊन बाकीच्या दहा मारून ठेवतो. मोकळ्या रानात पक्षी उडून जातात आणि कोल्ह्याच्या हाती एखादाच लागतो. खुराड्यात त्यांना पळायला जागा नसते, समोर फडफड चालूच राहते आणि मारण्याची प्रेरणा थांबत नाही. वेळ मिळाला तर तो उरलेले भक्ष्य एकेक करून नेऊन पुरून ठेवतो. माणूस मध्येच येतो म्हणून मागे फक्त प्रेते दिसतात. यात क्रौर्याचा हेतू शोधणे म्हणजे मांजराला खुनी ठरवण्यासारखे आहे.

कोकरांविषयीही तसेच. कोल्हा कोकरे मारतो हे खरे आहे, पण बर्न्स समितीच्या मते अन्यथा जगली असती अशा कोकरांपैकी दोन टक्क्यांपेक्षा कमी कोकरे कोल्ह्याला बळी पडतात. अर्थात हा सरासरीचा आकडा आहे. वेल्सच्या उंच डोंगरांत एखाद्या मेंढपाळाचे एका वसंतात होणारे नुकसान सरासरीने भरून निघत नाही, आणि त्या भागात कुत्र्यांच्या साहाय्याशिवाय कोल्ह्यांचे नियंत्रण कठीण असल्याचे समितीनेही मान्य केले होते. म्हणून ‘शेतकरी खोटे बोलतात’ असे मी म्हणणार नाही.

परंतु शिकारीमुळे कोल्ह्यांची संख्या आटोक्यात राहते, हा जो मुख्य युक्तिवाद आहे, तो फारसा टिकत नाही. समितीच्या अंदाजानुसार नोंदणीकृत हंट वर्षाला २१,००० ते २५,००० कोल्हे मारत होते. गोळीने, फासांनी आणि मोटारींखाली मरणारे कोल्हे याहून कितीतरी अधिक. योगायोगाने या युक्तिवादाची परीक्षाही झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये गुरांच्या लाळ-खुरकुत रोगाची साथ आली, आणि सुमारे दहा महिने देशभर शिकार बंद ठेवावी लागली. त्या काळात काही संशोधकांनी ठरावीक भूखंडांवर कोल्ह्यांची विष्ठा मोजून साथीपूर्वीच्या आकड्यांशी तुलना केली, आणि २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला की शिकार बंद असताना संख्येत लक्षणीय वाढ आढळली नाही. शिकारसमर्थकांनी या पद्धतीवर आक्षेप घेतले आणि एका हंगामावरून सर्व ठरत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण त्याच्या विरुद्ध बाजूने तितका नेटका पुरावा आजवर पुढे आलेला नाही.

इतिहास तर याहून गमतीचा आहे. अठराव्या शतकात लेस्टरशायरच्याच क्वॉर्न हंटच्या ह्यूगो मेनेल यांनी वेगवान हाउंडांची पैदास केली आणि कोल्ह्याची शिकार प्रतिष्ठेचा खेळ झाली. एकोणिसाव्या शतकात तिची मागणी इतकी वाढली की काही भागांत कोल्हेच अपुरे पडू लागले. तेव्हा युरोपातून आणलेले कोल्हे लंडनच्या लेडनहॉल बाजारात विकले जात. त्यांच्यासाठी कृत्रिम बिळे बांधली गेली, झाडोरे लावले गेले, आणि हंटाच्या प्रदेशात कोल्ह्याला बंदुकीने मारणे हे सभ्यतेला सोडून मानले जाई. ज्या प्राण्याचा उपद्रव आवरण्यासाठी हा उद्योग चालतो असे सांगितले जाते, तो विकत आणून सोडला जात होता! आज तसे होते असे मी म्हणत नाही.

हिंदुस्थानात आलेल्या साहेबांनाही हा नाद सोडवला नाही. दक्षिणेकडे इंग्लंडातला कोल्हा नव्हता, म्हणून उटीच्या माळरानांवर ‘ऊटकमंड हंट’ आपल्याकडच्या सोनेरी कोल्ह्यामागे, म्हणजे जॅकलमागे, हाउंड घेऊन दौडत असे. तिथे तर कोंबड्या-कोकरांचे निमित्तही कोणी सांगत नव्हते.

उत्तर ४: जुना_घोडेस्वार

मी ग्लॉस्टरशायरमध्ये काही हंगाम घोड्यावरून हंटांबरोबर गेलो आहे, त्यामुळे मला या चर्चेत पक्षपाती समजले तरी चालेल. वरील उत्तरे समतोल आहेत, पण ‘सिद्ध न झालेला आरोप’ या शब्दप्रयोगाला माझा आक्षेप आहे. न्यायालयाने सोडून दिलेल्या माणसाविषयी ‘तो कदाचित दोषी असेल’ असे सूचित करत राहणे हाच अन्याय आहे. हंट्समन हा सहसा पगारावर काम करणारा, केनेलालगतच्या घरात राहणारा साधा माणूस असतो. खटला चालू असेपर्यंत त्याचे छायाचित्र सर्वत्र फिरते, मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात, आणि तो सुटल्याची बातमी कोणी वाचतही नाही.

दुसरे असे की निदर्शकांची पद्धतही लक्षात घ्यावी. १९६३ पासून चालत आलेल्या ‘हंट सॅबोटर्स’च्या चळवळीत हंट्समनसारखाच शिंग वाजवून हाउंडांना भलतीकडे बोलावणे आणि गंध झाकण्यासाठी सिट्रोनेला फवारणे या नेहमीच्या युक्त्या आहेत. कुत्री बिथरून भरकटली की तेच लोक ‘हंटाचा ताबा सुटला’ असे म्हणतात. याउलट केवळ चित्रीकरण करणारे मॉनिटर वेगळे असतात आणि त्यांच्यापैकी काही अत्यंत सभ्य असतात, हे मीही मान्य करतो. आमच्या बाजूचे लोक या दोघांना एकाच मापाने मोजतात आणि सर्वांनाच गुंड म्हणतात, तेही चूक आहे.

प्राणिहितासाठी म्हणून देणग्या घेणाऱ्या आरएसपीसीए या संस्थेने २०१२ मध्ये हेथ्रॉप हंटाविरुद्ध चालवलेल्या खासगी खटल्यावर तीन लाख पौंडांहून अधिक खर्च केला, आणि तो आकडा ऐकून न्यायाधीशांनीही आश्चर्य व्यक्त केले. तो हंट तेव्हाच्या पंतप्रधानांच्या मतदारसंघातला होता, हा योगायोग समजावा काय?

कलम_पोटकलम

निर्दोष सुटलेल्या व्यक्तीविषयीचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्या व्यक्तीला दोषी म्हणणे चूकच, आणि ‘सुटला असला तरी’ अशी शेपटी जोडणेही चूक. मात्र एका व्यक्तीची सुटका म्हणजे त्या प्रथेविषयीच्या सर्व आरोपांचा निकाल नव्हे, एवढेच मला म्हणायचे होते.

हेथ्रॉपचे उदाहरण आपण अर्धेच दिले आहे. खर्चावर टीका झाली हे खरे, पण त्या खटल्यात हंटाने स्वतःच गुन्हा कबूल केला होता आणि त्याला ४,००० पौंड दंड झाला. खटला चालवणाऱ्याचा हेतू राजकीय होता असे क्षणभर धरले तरी कबूल केलेला गुन्हा खोटा ठरत नाही.

याहून गंभीर प्रकरण साउथ हेरेफोर्डशायर हंटाचे आहे. २०१६ मध्ये प्राणिहक्क कार्यकर्त्यांनी केनेलाजवळ लपवलेल्या कॅमेऱ्यांत कोल्ह्याची पिल्ले हाउंडांच्या केनेलात नेताना आणि नंतर त्यांची कलेवरे टाकून देताना चित्रित झाली. छुप्या चित्रीकरणाविषयी जे काही आक्षेप असू शकतात ते सर्व घेतले गेले, तरी २०१९ मध्ये न्यायालयाने हंट्समनला दोषी ठरवले. हा खटला हंटिंग ॲक्टखाली नव्हे, तर प्राणिकल्याण कायद्याखाली चालला, म्हणून शिकारीच्या कायद्याखालील शिक्षांच्या यादीत तो दिसणारही नाही. हा प्रकार कोणी आधी नुसता तोंडी सांगितला असता, तर मांजरे चोरण्याच्या कुजबुजीप्रमाणे तोही आपण सर्वांनी बाजूला टाकला असता. मात्र त्यावरून दुसऱ्या केनेलांतही तेच चालते असे धरून चालणे तितकेच गैर होईल.

मिडलंडकर, आपल्याला स्वतः पाहून मत बनवायचे असेल तर चौकातल्या मीटवरून काहीच कळणार नाही. त्यानंतर सार्वजनिक पायवाटेवरून रानाकडे गेलात तर काही गोष्टी ध्यानात येऊ शकतात. गंधाचे फडके ओढत नेणारा माणूस हाउंडांच्या बराच आधी पुढे गेलेला दिसतो का? हाउंड एका ओळीत वेगाने धावतात, की झाडोऱ्यात पसरून बराच वेळ शोधत राहतात? खरा कोल्हा उठला तर हंट्समन शिंग वाजवून आणि चाबकाचा आवाज करून त्यांना लगेच मागे घेतो का? फावडी आणि पेटीतला टेरियर घेऊन चारचाकी मोटारसायकलवर फिरणारी माणसे सोबत आहेत का? ती कुंपणे आणि फाटके दुरुस्त करण्यासाठी असतात असे हंट सांगतात, आणि काही ठिकाणी ती ते कामही करतात. यांपैकी एकाच गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये, आणि कोणाचा चेहरा दिसेल असे चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आता कायद्याचा रोखच बदलू लागला आहे. स्कॉटलंडने २०२३ मध्ये केलेल्या नव्या कायद्यात कुत्र्यांची मर्यादा दोनवर आणली, अधिक कुत्र्यांसाठी परवाना आवश्यक केला, आणि प्राण्याच्या गंधावर आधारित ट्रेल हंटिंगच काही मोजके अपवाद वगळता गुन्हा ठरवले. इंग्लंडबाबत लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात ट्रेल हंटिंगवर बंदीचे आश्वासन दिले आहे. अशी बंदी आली तर कोल्हा हेतूने मारला की अपघाताने, हे ठरवण्याची गरज बहुतांशी उरणार नाही, कारण तसा गंध पसरून हाउंड सोडणे हीच सिद्ध करायची गोष्ट राहील. ड्रॅग हंटिंग मात्र अशा बंदीच्या कक्षेत येण्याचे कारण नाही, तेव्हा कायद्याच्या मसुद्यात या दोहोंची व्याख्या कशी केली जाते, त्याकडे घोडेस्वार मंडळींनीही लक्ष ठेवावे.